कूलरचा आवाज, कामाची चिठ्ठी आणि समान संधी धोरण

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका जुन्या बंगल्यात आमचे कार्यालय आहे. गाव नकाशे स्कॅन करणे, ते भूसंदर्भित करणे, म्हणजे जमिनीवरील प्रत्यक्ष स्थानाशी जुळवणे, प्रत्येक गटाची हद्द संगणकावर आखणे आणि त्या गटाला सातबाऱ्यावरील माहिती जोडणे, हे आमचे मुख्य काम आहे. रस्ते, जलवाहिन्या आणि सौर प्रकल्प यांचे आराखडे करणाऱ्या सल्लागार संस्था आमच्याकडून हे काम करून घेतात. काम डोळ्यांनी आणि हातांनी करायचे असले, तरी ते चालत असे मात्र तोंडी. ग्राहकाचा फोन आला की समन्वयक दादा जागेवरूनच मोठ्याने सांगत, "अरे, तो बेचाळीस नंबरचा गट आता वगळा", आणि ज्याने ते ऐकले तो तेवढा बदल करी. ज्याने ऐकले नाही त्याची आखणी दोन दिवसांनी तपासणीत चुकीची ठरे. प्रशासन आणि मनुष्यबळ ही कामे माझ्याकडे असल्याने अशा चुकांची नोंद माझ्यापर्यंत येई, ती 'निष्काळजीपणा' या एकाच शीर्षाखाली.

या पद्धतीकडे बारकाईने पाहण्याचा प्रसंग बाहेरून आला. एका मोठ्या ग्राहक कंपनीच्या पुरवठादार नोंदणी अर्जात, आपल्या आस्थापनेचे समान संधी धोरण आहे काय आणि ते नोंदवले आहे काय, असा प्रश्न होता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ नुसार असे धोरण प्रत्येक आस्थापनेने, म्हणजे खासगी आस्थापनेनेही, जाहीर करायचे असते आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. संचालकांची पहिली सूचना व्यवहारी होती: नमुना कुठेही मिळेल, नाव बदला, मी सही करतो. तसे करताही आले असते. परंतु २०१७ च्या नियमांतील आठवा नियम वाचल्यावर असे दिसले की, वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने कोणत्या सोयी दिल्या जातील, कोणती पदे योग्य ठरवली आहेत, निवड कशी होईल, प्रशिक्षण आणि रजा यांची तरतूद काय आहे आणि संपर्क अधिकारी कोण आहे, हे सर्व त्यात लिहायचे असते. आमची संख्या त्याहून जास्त होती. आपल्याकडे कोणाला कशाची अडचण आहे हे विचारल्यावाचून यातील एकही रकाना खऱ्या अर्थाने भरता येणार नव्हता, आणि संचालकांना मी हेच सांगितले.

विचारायचे कसे, हा पहिला प्रश्न. नमुन्यातील अर्जात 'आपणास कोणते अपंगत्व आहे काय' असा थेट प्रश्न होता. तो आम्ही सर्वांना दिला, तेव्हा प्रत्येकाने 'नाही' असे लिहिले. दोन्ही कानांत श्रवणयंत्र लावणाऱ्या आमच्या ज्येष्ठ ड्राफ्ट्समननीही 'नाही' असेच लिहिले होते. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते, कारण नकाशा आखताना त्यांना कशाचीच अडचण नव्हती. अडचण होती ती आमच्या बैठकांत. म्हणून आम्ही प्रश्न बदलले. तुमचे काम दिवसाच्या कोणत्या वेळी चांगले होते, सूचना तोंडी मिळालेली बरी की लेखी, कोणत्या गोष्टीमुळे हातातले काम थांबते, बैठकीत बोलायचे असूनही बोलणे राहून जाते काय, एवढेच विचारले. हे प्रश्न मी विचारले नाहीत. पगारवाढीच्या कागदावर जिची सही असते, तिच्यासमोर कोणी आपली अडचण मोकळेपणाने सांगत नाही. त्यामुळे संपर्क अधिकारी म्हणून गुणवत्ता तपासणीतील एका अनुभवी सहकारी बाईंची नेमणूक केली. त्यांना सगळे ताई म्हणतात आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी नेहमी कोणी ना कोणी बसलेले असते. त्यांनी एकेकाशी स्वतंत्रपणे बोलून टिपणे काढली आणि माझ्याकडे देताना त्यांतील नावे गाळली. इतक्या लहान कार्यालयात नाव गाळून ओळख लपत नाही, हे खरे आहे. तरीही मला ठाऊक असलेल्या गोष्टीचा मी उच्चार करायचा नाही, एवढी मर्यादा त्यातून आखली गेली आणि पुढे ती फार उपयोगी पडली.

टिपणांत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द होता कूलर. नागपूरबाहेरच्या वाचकाला याचे नवल वाटेल, पण येथे मार्चअखेरीपासून मृगाचा पाऊस येईपर्यंत जुन्या बंगल्यातील कार्यालये खिडकीला लावलेल्या मोठ्या डेझर्ट कूलरवर चालतात, आणि ते पूर्ण वेगात असताना शेजारच्या माणसाशीही आवाज चढवून बोलावे लागते. श्रवणयंत्र आवाज वाढवते, परंतु हवा तो आवाज आणि नको तो आवाज यांत ते माणसाच्या कानाइतका भेद करू शकत नाही. त्यामुळे आमच्या ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना उन्हाळ्याचे तीन महिने बैठकीत घरघरीशिवाय जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. ते मान हलवत, हसत आणि नंतर एखाद्या तरुण सहकाऱ्याला हळूच विचारून घेत. उन्हाळ्यात त्यांच्या कामात चुका वाढतात ही गोष्ट आमच्या नोंदवहीत होती, आणि तिचे कारण 'वय' असे गृहीत धरले गेले होते.

यावर उपाय सोपा वाटतो, पण त्याच टिपणांत दुसऱ्या कोणाचे म्हणणे नेमके उलटे होते. आमच्याकडील एक तरुण आखणीकार बहुभुज आकृत्यांच्या कडा इतक्या स्वच्छ जुळवतो की दोन गटांमधील फट किंवा आच्छादन शोधणाऱ्या टोपॉलॉजी तपासणीत त्याच्या पत्रकावर, म्हणजे नकाशाच्या पानावर, क्वचितच खूण उमटते. अचानक वाजणारा फोन, पाठीमागून आलेली हाक, दोघांचे एकाच वेळी चाललेले बोलणे यांमुळे त्याचे लक्ष मोडते आणि पुन्हा बसायला बराच वेळ लागतो. कूलरची एकसुरी घरघर त्याला हवी होती, कारण तिच्यात ही बाकीची बोलणी बुडून जातात. त्याच्यासाठी वर्षातील सर्वांत चांगले महिने उन्हाळ्याचेच होते. म्हणजे एकाला जो आवाज अडथळा होता तोच दुसऱ्याचा आडोसा होता, आणि बाकीच्यांचे म्हणणे होते, "काहून बंद करता मॅडम कूलर, नवतपात माणूस बसणार कसा?" नवतपा म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस; तेही काही चुकीचे बोलत नव्हते.

सर्वसमावेशक कार्यालयाविषयी मी जे काही वाचले होते, त्यात एका व्यक्तीची गरज आणि एक सोय अशा जोड्या लावलेल्या असत. प्रत्यक्षात एकाची सोय दुसऱ्याच्या अंगावर येते, आणि खरे काम तिथून पुढे सुरू होते. आम्ही सर्वप्रथम जागा बदलल्या. ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना कूलरकडे पाठ आणि सहकाऱ्यांकडे तोंड अशी जागा दिली, कारण त्यांच्या यंत्रातील मायक्रोफोन समोरचा आवाज अधिक घेतो आणि मागचा दाबतो, हे त्यांनीच सांगितले. आजवर ते कूलरसमोर बसत असत, कारण ज्येष्ठ माणसाला गार हवेची जागा देणे हा आमच्याकडे मान समजला जातो. बैठका आतल्या वातानुकूलित खोलीत हलवल्या, बोलण्याचे मुद्दे आदल्या संध्याकाळी लेखी देणे सुरू केले आणि एका वेळी एकानेच बोलायचे असा नियम केला. बोलणे अक्षरांत उतरवणारे मोबाइलवरील ॲपही वापरून पाहिले, पण आमच्या बैठकीत एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि तांत्रिक इंग्रजी अशा तिन्हींची सरमिसळ असल्याने ॲपने गटांचे अनेकदा गेट केले. आता ते पूरक म्हणून ठेवले आहे, त्यावर विसंबत नाही.

बंगल्याच्या जुन्या स्वयंपाकघरात आम्ही कागदी नकाशांच्या गुंडाळ्या ठेवत असू. ती खोली रिकामी करून तेथे तीन टेबले, एक लहान कूलर आणि 'येथे बोलू नये, फोन बाहेर ठेवावा' अशी पाटी लावली. ती त्या तरुणासाठी राखून ठेवावी असा विचार पुढे आला होता, तो ताईंनी ठामपणे बाजूला सारला. त्याची अडचण काय आहे हे त्याच्या आईने ताईंना सांगितले होते, परंतु ती बाब कार्यालयात कोणाला कळू नये ही त्याची स्वतःची इच्छा होती, आणि एकट्याची खोली म्हणजे दारावर त्याच्या नावाची पाटीच ठरली असती. म्हणून ती खोली सर्वांची झाली. ज्याला सलग काम करायचे असेल त्याने सकाळी फळ्यावर नाव लिहावे आणि बसावे. तो बहुतेक सकाळी तेथे असतो, पण महिनाअखेरीस लेखापाल बाई असतात, आणि निविदा लिहायची असली की संचालकही असतात. खोली का आहे, कोणासाठी आहे, हा प्रश्नच त्यामुळे उरला नाही. या संपूर्ण प्रक्रियेतून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली आहे: सोय मागण्यासाठी आधी स्वतःबद्दल काही कबूल करावे लागत असेल, तर बहुतेक माणसे ती मागत नाहीत, ती गैरसोयच सोसत राहतात.

तोंडी सूचनांऐवजी कामाची चिठ्ठी सुरू केली, तिचाही असाच दोन्ही बाजूंनी विचार करावा लागला. कोणते गाव, कोणता पत्रक क्रमांक, काय बदलायचे, कोणी सांगितले, केव्हापर्यंत, असे पाच रकाने. ऐकू न येणाऱ्याला, उशिरा येणाऱ्याला आणि एकाग्र होऊन काम करणाऱ्याला ती सोयीची होती. पण आखणी विभागातील एका मुलीला लिखित मजकूर वाचणे जड जाते. शाळेपासूनच अक्षरे तिच्यापुढे जागा बदलतात, असे ती सांगते. नकाशा मात्र ती इतरांहून लवकर वाचते. जुन्या पत्रकावरील नाला आणि उपग्रह चित्रावरील नाला एकच आहे हे तिला पाहताक्षणी कळते. तिच्यासाठी आणि खरे तर सर्वांसाठीच, चिठ्ठीसोबत नकाशाच्या त्या भागाचे चित्र आणि त्यावर लाल खूण देणे बंधनकारक केले. ज्याला हवे त्याला सूचना आवाजी संदेशानेही मिळते, मात्र तो संदेश चिठ्ठीला पूरक असतो, चिठ्ठीची जागा घेत नाही.

तिची दुसरी अडचण गावांच्या नावांची होती. माहितीच्या तक्त्यात नाव टंकित करताना ऱ्हस्वदीर्घ चुकत, जोडाक्षरे सुटत, आणि मग तेच गाव संगणकाला दोन वेगळी गावे वाटत असे. यावर तिच्याकडून शुद्धलेखन सुधारून घेण्याचा प्रयत्न पूर्वी झाला होता. यावेळी आम्ही क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या मुक्त संगणक प्रणालीतील त्या रकान्याला यादी जोडली. तालुका निवडला की त्यातील गावांची नावे समोर येतात, टंकन करावेच लागत नाही. गंमत अशी की यादी जोडण्यासाठी जुना तक्ता तपासला, तेव्हा गावांच्या नावांतील चुका सर्वांच्याच पत्रकांत सापडल्या. तिच्या मात्र दिसत होत्या, कारण तिच्या शोधल्या जात होत्या.

संचालकांशी खरा वाद झाला तो प्रमाणपत्रावरून. ज्याच्याकडे मेडिकल किंवा मेयो या येथील शासकीय रुग्णालयांचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र असेल त्यालाच सोय द्यावी, नाहीतर उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल, असे त्यांचे म्हणणे होते. यावर मी त्यांना दोन गोष्टी वाचायला दिल्या. पहिली, कायद्यातील भेदभावाची व्याख्या, जिच्यात वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच मानला आहे, आणि वाजवी म्हणजे काय हेही सांगितले आहे: आवश्यक व योग्य असा बदल, जो आस्थापनेवर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर भार टाकत नाही. दुसरी, विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२१ चा निकाल. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराने परीक्षेसाठी लेखनिक मागितला होता. चाळीस टक्के किंवा अधिक, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्व असल्याशिवाय लेखनिक मिळणार नाही ही भूमिका न्यायालयाने मान्य केली नाही. आरक्षणासाठी टक्केवारीची अट आणि वाजवी सोयीचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून संचालकांना पटले. शेवटी धोरणात असे लिहिले की, ज्या बदलाला खर्च लागत नाही किंवा किरकोळ लागतो त्यासाठी कागद मागितला जाणार नाही. जागा, वेळ, सूचनेची पद्धत या सगळ्या गोष्टी त्यात आल्या. मोठा खर्च किंवा विशेष रजा असेल तेथे कागद पाहिला जाईल आणि तो ताईंकडेच बंद पाकिटात राहील. प्रत्येक जण काहीतरी मागेल ही भीती काही अंशी खरी ठरली. लोकांनी मागितले ते हेडफोन, पाय ठेवायला लाकडी पाट, लुकलुकणाऱ्या नळ्यांऐवजी एलईडी दिवे. ही यादी पाहिल्यावर संचालक स्वतःच म्हणाले की हे आधीच द्यायला हवे होते.

वेळांबाबत फार लिहिण्यासारखे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा दुचाकीवरून दुपारी येणाऱ्या माणसाकडून पहिला तासभर काम होत नाही, हे नागपुरात कोणाला सांगावे लागत नाही. एप्रिल ते जून सकाळी साडेसातची एक पाळी आणि अकराची एक पाळी ठेवली, दोन्हींचा साडेअकरा ते दीड हा सामाईक वेळ बैठका आणि विचारपूस यांसाठी राखला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मधील स्त्री कर्मचाऱ्यांसाठीची सकाळी ७ ते रात्री ९.३० ही मर्यादा आणि रोजचे तास यांत हे सहज बसले. घरी आजारी माणूस असलेल्या दोघींना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

पदांची यादी करताना मात्र मन साशंक होते. अमुक पद दिव्यांगांसाठी योग्य, असे बाहेरून ठरवायचे म्हणजे उरलेली पदे अयोग्य असे आपणच जाहीर करण्यासारखे आहे. आम्ही त्या रकान्यात सर्व पदे लिहिली आणि प्रत्येकापुढे त्या पदाला प्रत्यक्ष कोणती कामे करावी लागतात ते नोंदवले. आखणीकाराला नकाशा पाहावा लागतो, शिवारात जावे लागत नाही; मोजणी सहायकाला जावे लागते; लेखापालाचे काम एनव्हीडीए या, पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या विनामूल्य प्रणालीने होऊ शकते, मात्र त्यासाठी बिले छायाचित्राच्या रूपात न येता वाचता येईल अशा मजकुराच्या रूपात यायला हवीत. हे लिहिताना जाहिरातींतील 'उत्तम संभाषणकौशल्य आवश्यक' ही अट आपण प्रत्येक पदाला सवयीने जोडत होतो हेही दिसले, आणि जेथे तिची गरज नव्हती तेथून ती काढली. आखणीकाराची मुलाखत आता प्रश्नोत्तरांची नसते. एक पत्रक दिले जाते, आखायला पुरेसा वेळ दिला जातो आणि विचारायचे प्रश्न आदल्या दिवशी कळवलेले असतात.

इमारतीपुढे मात्र आम्ही हात टेकले. बंगल्याचे जोते सुमारे ४५ सेंटिमीटर उंच आहे. एकास बारा या चढाने उतार करायचा तर ५.४ मीटर लांबी लागते आणि अंगणात सरळ तेवढी जागा नाही. घरमालकांच्या संमतीने मध्ये सपाट टप्पा ठेवून वळता उतार बांधला. वरच्या मजल्यावर जाण्याची सोय करणे शक्य झाले नाही. नमुन्यातील धोरणात 'संपूर्ण परिसर सुगम्य आहे' असे वाक्य होते, ते आम्ही काढले आणि त्या जागी, वरचा मजला चाकाच्या खुर्चीने गाठता येत नाही, म्हणून सर्व बैठका, जेवणाची जागा आणि प्रसाधनगृह तळमजल्यावर राहतील, असे लिहिले. हे धोरण दर्शनी भागात लावले आणि नोंदणीसाठी पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे पाठवले. ग्राहक कंपनीचा अर्जही त्यानंतर भरला.

सगळ्यांना हे बदल आवडले असे नाही. समन्वयक दादांना चिठ्ठी लिहिणे अजूनही जाचक वाटते. बोलता बोलता त्यांना जे सुचते ते लिहिताना सुचत नाही, असे ते म्हणतात, आणि त्यांची ही कामाची पद्धतही आम्ही मान्य करायला हवी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. तूर्त ते ग्राहकाशी बोलणे संपल्यावर आवाजी टिपण करतात आणि एक सहायक त्यावरून चिठ्ठी भरतो. त्यात थोडा वेळ जातो, तो आम्ही धरून चालतो.

न सुटलेला प्रश्न बढतीचा आहे. आमच्याकडे आखणीकारानंतरचे पद पर्यवेक्षकाचे आहे आणि पर्यवेक्षक म्हणजे ग्राहकांशी बोलणारा, दहा जणांकडून काम करून घेणारा माणूस, असेच आजवर धरले गेले. मूल्यमापनाच्या अर्जात 'पुढाकार' आणि 'मिळून मिसळून वागणे' यांना इतके गुण होते की, वर्षभर एकही चूक न करणारा माणूस त्या अर्जावर मध्यमच ठरत असे. ते गुण आम्ही कमी केले आणि त्याजागी 'सहकाऱ्याला त्याच्या कामासाठी लागणारी माहिती वेळेवर दिली काय' असा प्रश्न ठेवला, ज्याचे उत्तर चिठ्ठ्यांवरून तपासता येते. परंतु पगाराची पुढची पायरी अजून त्या एकाच पदातून जाते. माणसे न सांभाळता केवळ कामातील जाणकारीवर वर जाता येईल असे 'वरिष्ठ तज्ज्ञ आखणीकार' हे समकक्ष पद निर्माण करण्याचा प्रस्ताव संचालकांनी तत्त्वतः मान्य केला आहे. त्याची वेतनश्रेणी पर्यवेक्षकाइतकी असावी की थोडी खाली, यावर आमचे एकमत झालेले नाही. माझ्या मते ती बरोबरीचीच असली पाहिजे, आणि येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात मी ती तशीच मांडली आहे.